सुटू शकणारे बंध
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



‘विज्ञानावर काहीतरी बोल, पण दहा मिनिटांत आटप,’ अशी संयोजकांची आज्ञा आहे. मी इंजिनिअर, पोट भरते सॉफ्टवेअरवर. तरी विषय रसायनशास्त्राचा घेतला आहे, कारण ‘संयुजा म्हणजे अणूचे हात’ हे आपण याच शाळेत शिकलो.

जपानमध्ये १९९० साली माकोतो फुजिता यांनी पॅलेडियम धातूचा आयन घेतला. त्याला चार हात, एकाच पातळीत, शेजारच्या हाताशी काटकोनात. त्यातले दोन हात त्यांनी दुसऱ्या एका रेणूने अडवून ठेवले. उरलेल्या दोन हातांसाठी सरळ काडीसारखा, दोन्ही टोकांना नायट्रोजन असलेला रेणू दिला. धातूला असं जोडून घेणाऱ्या रेणूला लिगंड म्हणतात. दोन्ही पाण्यात मिसळल्यावर चार आयन आणि चार काड्यांचा चौकोन आपोआप तयार झाला. १९९५ मध्ये त्यांनी काडीऐवजी त्रिकोणी लिगंड वापरला. तेव्हा सहा आयन आणि चार त्रिकोण मिळून आतून पोकळ पिंजरा झाला.

आमच्या कामात प्रत्येक पायरी लिहून द्यावी लागते. एक स्वल्पविराम चुकला तरी प्रोग्रॅम अडतो. इथे सूचना देणारं कोणी नाही. ज्या काही सूचना आहेत, त्या तुकड्यांच्या आकारात आणि हातांच्या कोनात.

पण सगळे कण पहिल्याच फटक्यात नीट जुळतात असं नाही. वेड्यावाकड्या साखळ्याही होतात. फरक एवढाच, की हा बंध जुळतो तसा सुटतोही. चुकीचं जुळलेलं सुटतं, पुन्हा जुळतं आणि शेवटी सर्वांत स्थिर रचना उरते. आवर्तसारणीत पॅलेडियमच्या खालीच प्लॅटिनम आहे. त्याचा बंध फार चिवट. साध्या तापमानाला त्याच्या चुकीच्या जोडण्या तशाच अडकून बसतात. तेच मिश्रण बराच काळ तापवत ठेवलं, की प्लॅटिनमचाही नीट चौकोन होतो.

या पिंजऱ्यांचा उपयोगही आहे. पांढरा फॉस्फरस हवेत पेटतो, म्हणून पाण्यात ठेवतात, हे आठवत असेल. २००९ मध्ये केंब्रिजच्या जोनाथन निट्श्के यांच्या गटाने तो चार लोह-आयन आणि सहा लिगंडांच्या पिंजऱ्यात ठेवला. तिथे तो हवेतही पेटला नाही. ऑक्सिजनशी संयोग झाला तर जे तयार होईल, त्याला आत जागाच नव्हती. बेन्झीन आत शिरलं की फॉस्फरस बाहेर येतो.

माणसं म्हणजे आयन नव्हेत, हे मान्य. पण हे वाचताना मला आपली बॅच आठवली. दहावीला नापास झालेल्यांपैकी काही जण ऑक्टोबरला पुन्हा बसले. त्यातले दोघे आज पुढच्या रांगेत आहेत. काहींचा तो निकाल मात्र कायमचा चिकटला. कोणाकडे फॉर्मचे पैसे नव्हते, कोणी कामाला लागलं, दोन मुलींची लग्नं ठरली. आजच्या यादीत त्यांची नावं नाहीत, कारण त्यांचे पत्ते आपल्यापैकी कोणाकडेच नव्हते.

जमलेल्या निधीतून शाळेला कमान बांधायचं चाललं आहे. माझी सूचना वेगळी आहे. त्यातला काही भाग दरवर्षी नापास होणाऱ्या मुलांच्या पुरवणी परीक्षेसाठी ठेवावा: फॉर्मचे पैसे, निकालापासून परीक्षेपर्यंत शाळेतच संध्याकाळचे वर्ग आणि जी मुलं येणार नाहीत त्यांच्या घरी जाऊन बोलणारं कोणीतरी. हे शेवटचं काम सर्वांत महत्त्वाचं. गणित मी घेईन, शनिवार-रविवारी ऑनलाइन. बाकी विषयांना आपल्यातच शिक्षक आहेत, आणि निवृत्त गुरुजनांना विचारायचं धाडस मी आत्ताच करते.

कमान पुढच्या वर्षीही बांधता येईल. गुरुजनांची हरकत नसेल, तर जेवणाआधी हात वर करून ठरवू या.