कॉफीच्या दुकानाचं शिक्क्यांचं कार्ड

कॉफीचं दुकान टाकणाऱ्यानं फ्लेक्सवर पैसे घालण्याआधी शिक्क्यांचं साधं कार्ड छापावं (दर कपाला एक शिक्का, कार्ड भरलं की एक कप फुकट), असं मला ठामपणे वाटतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गाड्या धुण्याच्या केंद्रावर दोन तऱ्हेची कार्डं वाटली होती: एक आठ रिकाम्या घरांचं, दुसरं दहा घरांचं, पण दोन शिक्के आधीच मारलेलं. गाडी दोन्हीकडे आठदाच धुवायची. तरी पहिलं १९ टक्के लोकांनी पूर्ण केलं, दुसरं ३४ टक्के लोकांनी. रोजचं गिऱ्हाईक येणारच, मग त्याला फुकट कप कशाला, असं कुणी म्हणेल. पण त्याच वर्षीच्या कॉफी-कार्डांच्या अभ्यासात फुकट कप जवळ येईल तसतसे लोक लवकर परतत होते. शिवाय दुकानदाराला तो कप विक्रीच्या नव्हे, दूध-साखर-कॉफीच्या भावात पडतो.