प्रत्येक उड्डाण ही परीक्षाच

गणिताचें उत्तर बरोबर आलें म्हणजे रीतहि बरोबर असलीच पाहिजे, असा समज विद्यार्थ्यांत फार आढळतो. वस्तुतः रीत चुकली असूनहि उत्तर कधीं कधीं दैवयोगानें जुळतें, आणि पुढें आंकडे बदलले म्हणजे फजिती होते. हाच दोष मोठ्या राष्ट्राच्या मोठ्या संस्थेंतहि कसा शिरतो, याचें उदाहरण अमेरिकेच्या 'स्पेस शटल' या अवकाशयानांच्या इतिहासांत सांपडतें.

४ जुलै १९८२ रोजीं 'कोलंबिया' हें यान चौथी सफर संपवून कॅलिफोर्नियांत उतरलें. स्वागतास आलेले अध्यक्ष रेगन यांनीं, पुढील सफरीपासून हें वाहन नित्याच्या कामास पूर्णपणें सिद्ध होईल, असें जाहीर केलें. चार उड्डाणांतच चांचणी संपली!

परंतु यानाची तक्रार संपली नव्हती. त्याच्या दोहों बाजूंस घन इंधनाचे अग्निबाण असत. आंतील तप्त वायु बाहेर फुटूं नये म्हणून त्यांच्या सांध्यांत रबराचीं कडीं बसवीत. समुद्रांतून परत आणलेले अग्निबाण उघडून पाहतां कांहीं कडीं झिजलेलीं आढळत. १९८१ सालच्या दुसऱ्याच सफरींत ही झीज दिसली होती. तथापि यान प्रत्येक वेळीं सुखरूप परतलें, म्हणून एवढी झीज चालण्यासारखी आहे, असें ठरत गेलें.

२७ जानेवारी १९८६ च्या रात्रीं अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीच्या इंजिनियरांनीं इशारा दिला कीं, थंडींत रबराची लवचिकता जाते. सबब ५३ अंश फॅरनहाइटच्या खालीं उड्डाण करूं नये. वरिष्ठांनीं तो अखेर बाजूस सारला. दुसऱ्या दिवशीं हवेचें उष्णमान ३६ अंश असतां 'चॅलेंजर' उडालें आणि ७३ सेकंदांनीं सात प्रवाशांसह नष्ट झालें.

चौकशींत एक बोधप्रद गोष्ट उघड झाली. निर्णयाच्या वेळीं केवळ सदोष कड्यांच्या उड्डाणांचा विचार झाला होता. निर्दोष उड्डाणांचे आंकडे शेजारीं मांडलेच नव्हते. सर्व उड्डाणें एकत्र पाहतां, सांध्याचें उष्णमान ६६ अंश वा अधिक असतांना वीसांपैकीं तीनच वेळां दोष आढळला होता, तर ६३ अंश वा कमी असतांना चारांपैकीं चारहि वेळां! माहिती हातीं होती. ती एका कागदावर आली नव्हती.

पुढें सांधे सुधारले, पण दृष्टि तीच राहिली. इंधनाच्या मोठ्या टांकीवर घट्ट झालेल्या फेसाचें आवरण असे. त्याचे तुकडे पहिल्या सफरीपासून गळत. ऑक्टोबर २००२ मध्यें एक मोठा तुकडा अग्निबाणाच्या तळाशीं आदळला. तरी उड्डाणें चालूंच राहिलीं. १६ जानेवारी २००३ रोजीं तसाच तुकडा 'कोलंबिया'च्या डाव्या पंखावर आपटला. पंखाचीं छायाचित्रें घ्यावीं, ही इंजिनियरांची विनंति मान्य झाली नाहीं. १ फेब्रुवारीस परततांना यान भंगलें. कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सात जीव गेले. पुढें जुलैंत सॅन अंतोनियो येथें फेसाचा तुकडा वायुतोफेनें पंखाच्या कडेवर मारला असतां सुमारें १६ इंचांचें भगदाड पडलें. हलका फेस काय करणार, या समजुतीला एका प्रयोगानें उत्तर दिलें.

शटल हें नित्याचें नव्हे, तर अद्याप घडणींतलें वाहन आहे, असा अभिप्राय चौकशी मंडळानें ऑगस्ट २००३ मध्यें दिला. त्यानंतरचीं पहिलीं दोन उड्डाणें चांचणी म्हणूनच योजिलीं गेलीं. जुलै २००५ मध्यें पुन्हां फेस गळलेला कॅमेऱ्यांनीं टिपला, तेव्हां यान सुखरूप परतलें असूनहि पुढील उड्डाण वर्षभर रोखून धरलें. उत्तर बरोबर आलें असतांनाहि या वेळीं रीत तपासली गेली. २०११ सालीं १३५ सफरी पुऱ्या करून शटल निवृत्त झालें; तोंवर आणखी एकहि यान गमवावें लागलें नाहीं.