भ्रमणध्वनीची प्रणाली बदलताना



२५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणातील रोहतक येथे, भ्रमणध्वनीचा क्रमांक तोच ठेवून सेवा देणारी कंपनी बदलण्याच्या सोयीस आपल्या देशात प्रारंभ झाला, आणि २० जानेवारी २०११ पासून ती सर्वत्र लागू झाली. तोवर कंपनी बदलावयाची म्हणजे क्रमांकावर पाणी सोडावयाचे, अशी स्थिती होती. दुकानाच्या पाटीवर रंगविलेला, बँकेच्या खात्यास जोडलेला, नातलगांच्या वह्यांत लिहून ठेवलेला क्रमांक हातचा जाऊ नये म्हणून माणसे वाईट सेवाही मुकाट्याने सोसत असत. ३ जुलै २०१५ पासून परराज्यात मुक्काम हलविला तरी क्रमांक कायम राहू लागला. ही सुधारणा कंपन्यांनी आपखुषीने केली नव्हती. नियामक प्राधिकरणाने नियम केले म्हणून ती झाली, हे येथे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

क्रमांक असा मोकळा झाला. परंतु क्रमांकाच्या मागे, त्या यंत्राच्या पोटात, दहा-बारा वर्षांत जो ऐवज साठला, तो मात्र तितका मोकळा झालेला नाही. आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे.

स्मार्टफोन चालविणाऱ्या प्रणाली आज मुख्यतः दोन आहेत. ॲपल कंपनीचा आयफोन २००७ साली बाजारात आला. गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीवर चालणारा पहिला संच २००८ साली. आपल्या देशात बहुसंख्य संच अँड्रॉइडचेच आहेत. मग आयफोनची चर्चा खेड्यात कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर गोव्यातील कोणत्याही वाड्यावर मिळेल. आखातात नोकरीस असलेला किंवा बोटीवर चढलेला मुलगा स्वतःसाठी नवा आयफोन घेतो आणि जुना आईवडिलांना आणून देतो. रजा संपण्याच्या आदल्या रात्री घाईघाईने सिमकार्ड काढून त्यात घातले जाते, दोन-चार बटणे दाखविली जातात, आणि जुना संच धाकट्या भावंडांच्या खेळण्यासाठी पुसून टाकला जातो. त्या पुसलेल्या संचात पुष्कळदा जे असते, ते पुन्हा मिळत नाही.

प्रणाली बदलणे नेहमीच हौसेने घडते असेही नाही. ब्लॅकबेरीचे संच एके काळी मोठ्या अधिकाऱ्यांच्या हाती दिसत. त्या कंपनीची सर्वसामान्यांसाठीची संदेशसेवा ३१ मे २०१९ रोजी बंद झाली आणि ४ जानेवारी २०२२ पासून तिच्या जुन्या प्रणालीस आधार देणाऱ्या सेवाही थांबल्या. मायक्रोसॉफ्टची भ्रमणध्वनीसाठीची विंडोज प्रणाली अशीच मावळली. आपल्या खेड्यापाड्यांत अधिक परिचयाचे उदाहरण जिओफोनचे. कायओएस प्रणालीवर चालणाऱ्या त्या स्वस्त संचावर २०१८ साली व्हॉट्सॲप आले, तेव्हा अनेक घरांत ते प्रथमच पोहोचले; २०२५ च्या सुरुवातीस कायओएसवरील ती सेवा संपली. ज्यांना संच बदलण्याची इच्छा नव्हती त्यांनाही तो बदलावा लागला.

आता एका बाजूचा ऐवज दुसऱ्या बाजूस कितपत जातो, ते पाहू.

नावे व क्रमांक सुखाने जातात, मात्र ते कोठे नोंदविले आहेत हे आधी पाहावे लागते. गूगलच्या खात्यात असतील तर त्याच खात्याने नव्या संचात प्रवेश करताच ते उमटतात. सिमकार्डावर असतील तर तेथे जागा फार थोडी असते आणि लांब नावे तुटतात. केवळ संचातच असतील तर संचाबरोबर जातात. छायाचित्रेही बहुधा जातात. ॲपलने २०१५ साली अँड्रॉइडवरून येणाऱ्यांसाठी ‘मूव्ह टू आयओएस’ नावाचे साधन काढले. ते नावे, छायाचित्रे, दिनदर्शिका, साधे लघुसंदेश इत्यादी एका संचातून दुसऱ्यात वाहून नेते. छायाचित्रांच्या साठवणुकीबाबत एक हिशेब लक्षात असावा. गूगल १५ जीबी जागा विनामूल्य देते, ॲपल ५ जीबी. म्हणजे इकडून तिकडे गेलेल्या माणसास पहिल्या महिन्यातच ‘जागा संपली’ अशी सूचना येऊ लागते, व ती कोणत्याही बिघाडाची खूण नसते.

शिक्षकांना आणखी एक अनुभव येईल. आयफोन २०१७ पासून छायाचित्रे एचईआयसी नावाच्या स्वरूपात साठवितो. शाळेतील जुन्या संगणकावर ती उघडत नाहीत आणि जेपीजी मागणाऱ्या संकेतस्थळावर चढत नाहीत. कॅमेऱ्याच्या मांडणीत ‘मोस्ट कम्पॅटिबल’ हा पर्याय निवडला म्हणजे पुढील छायाचित्रांपुरती ही अडचण दूर होते.

खरी गुंतागुंत व्हॉट्सॲपची आहे, आणि खेड्यातील माणसाचा सर्वांत मोलाचा ऐवज नेमका तेथेच असतो. तलाठ्याने पाठविलेला एक-चौदाचा उतारा, शाळेच्या गटातील सूचना, भाच्याच्या बारशाची छायाचित्रे, आणि आता हयात नसलेल्या वडिलांनी रोज सकाळी पाठविलेले आवाजी निरोप. पुष्कळांची समजूत अशी की, हे सर्व कंपनीजवळ कोठेतरी असतेच, क्रमांक घातला की परत येईल. वस्तुस्थिती वेगळी आहे. व्हॉट्सॲपचे संदेश पाठविणारा व घेणारा यांनाच वाचता येतील असे कुलूपबंद केलेले असतात आणि पोहोचलेले संदेश कंपनी स्वतःपाशी ठेवीत नाही. जी प्रत असते ती हातातील संचात. आणि मालकाने तशी व्यवस्था केली असेल तर दुसरी एक प्रत अँड्रॉइडवर गूगलच्या साठवणुकीत, आयफोनवर ॲपलच्या. या दोन कोठारांच्या किल्ल्या एकमेकांस लागत नाहीत. गूगलच्या कोठारातील प्रत आयफोनवरील व्हॉट्सॲपला उघडता येत नाही, व उलटही तेच. गुप्ततेचे रक्षण करणारी योजनाच येथे गैरसोयीचे कारण होते. तेवढ्यावरून ती योजना वाईट ठरत नाही.

कित्येक वर्षे या दरीवर पूलच नव्हता. २०२१ साली आयफोनवरून प्रथम सॅमसंगच्या संचांवर आणि २०२२ साली अँड्रॉइडवरून आयफोनवर संभाषणे नेण्याची अधिकृत सोय झाली. ती आली तेव्हा तिच्या अटी काटेकोर होत्या. क्रमांक तोच हवा. नवा संच कोरा, अथवा पूर्णपणे पुसून कोरा केलेला हवा. आयफोनकडे जाताना दोन्ही संच विजेला जोडलेले व एकाच वायफायवर हवेत. अँड्रॉइडकडे जाताना दोहोंना जोडणारी तार हवी. एवढे करूनही पूर्वी केलेल्या दूरध्वनींची नोंद जात नाही. ‘कोरा संच’ ही अट पुष्कळांना ठाऊक नसते. प्रथम नवा आयफोन आठ दिवस वापरून पाहावयाचा आणि मग सवडीने जुने संभाषण आणावयाचे, असा बेत केला, तर ते आठ दिवसांचे नवे साठवण पुसावे लागण्याची पाळी येते. यास्तव संभाषणे नेण्याचे काम आधी, बाकीचे मागाहून. रजेच्या शेवटच्या रात्री नव्हे, तर पहिल्या आठवड्यात. अटी बदलत असतात, म्हणून त्या त्या वेळचे नियम कंपनीच्या संकेतस्थळावर वाचून घ्यावेत. ज्यांना ही खटपट झेपणार नाही, त्यांनी निदान एकेका महत्त्वाच्या माणसाशी झालेले संभाषण ‘एक्सपोर्ट’ करून स्वतःच्याच ईमेलवर पाठवावे. ते नव्या व्हॉट्सॲपमध्ये परत घालता येत नाही. परंतु साधा मजकूर म्हणून कोणत्याही संगणकावर वाचता येते.

पैशाच्या व्यवहारांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. यूपीआयची नोंदणी संच व सिमकार्ड या दोहोंशी बांधलेली असते. संच बदलला की ती नव्याने करावी लागते. त्यासाठी त्या सिमवरून एक लघुसंदेश बाहेर जावा लागतो. रिचार्ज संपलेला असेल तर तो जात नाही, आणि माणूस बँकेस दोष देत बसतो. नोंदणीनंतर सुरुवातीचा काही काळ मोठी रक्कम पाठविता येत नाही, ही सुरक्षिततेसाठीची मर्यादा आहे. तेव्हा खत-बियाणे खरेदीच्या किंवा शुल्क भरण्याच्या दिवशीच संच बदलू नये. या काळात मदतीच्या नावाखाली कोणी पिन वा ओटीपी विचारला तर तो देऊ नये, हे निराळे सांगावयास नकोच. डिजिलॉकरची गोष्ट सोपी आहे. २०१५ साली सुरू झालेल्या या सेवेतील दाखले खात्यात असतात, संचात नव्हे. त्याच क्रमांकाने प्रवेश केला की दाखले समोर येतात. विकत घेतलेली ॲप्स मात्र पलीकडे पुन्हा विकत घ्यावी लागतात, आणि ॲपलमार्फत घेतलेली एखादी वर्गणी आयफोन सोडल्यावरही चालू राहून पैसे कापले जातात. ती तेथेच जाऊन बंद करावी लागते.

मराठीपुरते बोलावयाचे तर काळजीचे कारण उरलेले नाही. शासकीय कार्यालयांतील जुन्या कर्मचाऱ्यांना आठवत असेल की, एका संगणकावर एका टंकात उमटविलेले परिपत्रक दुसऱ्या संगणकावर उघडले की अक्षरांच्या जागी चिन्हांचा नुसता कचरा दिसे. आजही जुन्या कपाटांप्रमाणेच जुन्या संगणकांत अशा धारिका पडून आहेत. युनिकोड या सर्वमान्य संकेतामुळे देवनागरीचे प्रत्येक अक्षर सर्व यंत्रांना एकाच क्रमांकाने ओळखू येऊ लागले, म्हणून अँड्रॉइडवर लिहिलेले ‘ळ’ आयफोनवर ‘ळ’च दिसते. समान संकेत ठरला की स्थलांतर किती सुकर होते, याचा हा डोळ्यांसमोरचा पुरावा आहे. कुंपण तांत्रिक आहे असे जेथे सांगितले जाते, तेथे ते पुष्कळदा व्यापारीही असते.

या दिशेने अन्यत्र कायदे झाले आहेत. युरोपीय संघाच्या मे २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने नागरिकास आपली माहिती एका सेवेतून दुसरीकडे नेण्याचा हक्क दिला. मोठ्या कंपन्यांवर त्याहून कडक बंधने घालणारा दुसरा कायदा त्यांच्याकडून मार्च २०२४ पासून पाळून घेतला जात आहे. आपल्याकडे डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या विधेयकात असा हक्क होता. ते विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेण्यात आले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात तो हक्क नाही. आपल्याविषयीची माहिती जाणून घेणे, ती दुरुस्त करवून घेणे, पुसून टाकविणे हे हक्क त्यात आहेत. मृत्यूनंतर हे हक्क बजावण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीस नेमून ठेवण्याची तरतूदही आहे. परंतु ‘माझे मला बरोबर नेऊ द्या’ असे म्हणण्याचा अधिकार क्रमांकापुरता मिळाला, ऐवजापुरता अद्याप मिळावयाचा आहे.

तोवर जुना संच हीच जामीनकी. नवा संच सुरू झाल्यावरही निदान पंधरवडाभर तो पुसू नये, कोणास देऊ नये. कपाटात चार्ज करून ठेवावा. काही राहिल्याचे ध्यानात येते ते बहुधा दुसऱ्या आठवड्यात. पंधरवड्यानंतर द्यावयाचा झाल्यास आधी त्यातील गूगलच्या किंवा ॲपलच्या खात्यातून रीतसर बाहेर पडावे व मगच तो पुसावा. नाही तर चोरीपासून रक्षणासाठी बसविलेले कुलूप तसेच राहते, आणि ज्याच्या हाती तो संच जाईल त्याला पहिल्याच पडद्यावर जुन्या मालकाचा पासवर्ड विचारला जातो.