करवतीचे पाते कसे निवडावे



आपल्या धाराशिव जिल्ह्यात माळवदाची जुनी घरे पुष्कळ आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. उमरगा-लोहारा भागात दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. म्हणून मोडकळीस आलेले माळवद वेळीच उतरवावे. पण उतरवतानाही जपावे.

आता तुळया कापायला विजेची करवत मिळते. तिचे पाते पुढे-मागे चालते. यंत्र तेच, पाते मात्र कामाप्रमाणे बदलावे लागते. चुकीचे पाते तापते, तुटते, हाताला हिसका बसतो. म्हणून पाते घेताना तीन गोष्टी बघा.

पहिली गोष्ट दात. एका इंचात किती दात, तो आकडा पात्यावर छापलेला असतो. तुम्हांला आता आकडे वाचता येतात. मग दुकानदाराच्या तोंडाकडे कशाला बघायचे? नुसत्या लाकडाला इंचाला ६ दात पुरतात. मोठे दात भुसा भराभर बाहेर टाकतात. जुन्या तुळईत खिळे असतात, तिला १० दातांचे घ्या. लोखंडी नळाला १८ ते २४ दातांचे घ्या. नळ जितका पातळ, तितके दात बारीक. असे का? कापायच्या जाडीत निदान तीन दात एकदम बसले पाहिजेत. नाहीतर पातळ लोखंड दोन दातांच्या मधे अडकते अन् दात उडतात.

दुसरी गोष्ट पात्याचे पोलाद. साधे पाते स्वस्त असते, पण खिळा लागला की बोथट होते. बायमेटल पात्याचे दात कठीण अन् पाठ लवचीक असते. ते महाग, पण खिळ्यांच्या लाकडाला तेच परवडते.

तिसरी गोष्ट लांबी. लाकडाच्या जाडीपेक्षा दोन-तीन इंच जास्त असावी. फार लांब पाते थरथरते.

पाते बदलताना आधी पिन काढा, बॅटरी असेल तर बॅटरी काढा. नुकतेच चाललेले पाते भाजते, त्याला लगेच हात लावू नका. डोळ्यांना चष्मा लावा. भिंतीतल्या तारांची वीज बंद करा.

अन् एक पक्के ध्यानात ठेवा. वर मातीचा भार असलेली तुळई कधी कापू नका. आधी माती उतरवा, मग टेकू द्या, मगच करवत चालवा. लाकूड पुन्हा मिळेल, माणूस मिळणार नाही.