मधुमेह आणि हृदयाचे आरोग्य



मधुमेह म्हणजे केवळ रक्तातील साखरेचा विकार, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः दीर्घकाळ अनियंत्रित राहिलेल्या मधुमेहाचा अत्यंत गंभीर आघात हृदयावर होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. त्यामुळे हा विषय घराघराशी निगडित आहे.

हृदयाची हानी मुख्यतः तीन प्रकारे होते. पहिला प्रकार रक्तवाहिन्यांचा. वाढलेल्या साखरेने त्यांच्या आतील नाजूक अस्तराला इजा होते, तेथे चरबीचे थर साचतात आणि हृदयाचा रक्तपुरवठा घटतो. दुसरा प्रकार स्वतः हृदयाच्या स्नायूंचा. साखर प्रथिनांना चिकटते, स्नायूंत तंतुमय भाग वाढतो आणि हृदय ताठर होते. ते आकुंचन पावते. परंतु पुरेसे शिथिल होऊन रक्त भरून घेऊ शकत नाही. अमेरिकेतील रुबलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली अशा चार मधुमेही रुग्णांची नोंद केली. त्यांना अतिरक्तदाब वा रक्तवाहिन्यांतील अडथळा नसतानाही त्यांचे हृदय दुर्बल झाले होते. तिसरा प्रकार मज्जातंतूंचा. ते क्षीण झाल्यास हृदयविकाराचा झटका येऊनही छातीत वेदना जाणवत नाही. म्हणून मधुमेही व्यक्तीस अकस्मात दम लागणे, दरदरून घाम सुटणे वा विलक्षण थकवा येणे याला ‘पित्त’ समजून घरी थांबणे धोक्याचे ठरते. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे.

अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील अभ्यासाने १९७४ साली दाखविले की मधुमेही पुरुषांत हृदय निकामी होण्याचा धोका दुपटीहून अधिक, तर स्त्रियांत सुमारे पाचपट असतो. घरातील सर्वांच्या पथ्याची काळजी वाहणाऱ्या माता-भगिनींनी स्वतःच्या तपासणीकडे दुर्लक्ष करू नये, हाच त्याचा बोध.

यावर उपाय आहेत. एचबीए१सी या चाचणीतून मागील सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी कळते. ब्रिटनमधील दीर्घ अभ्यासात, हे प्रमाण १ टक्क्याने कमी असलेल्यांत हृदय निकामी होण्याचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी कमी आढळला. मात्र वयोवृद्ध व हृदयरुग्णांत साखर अतिरेकी कमी करणेही घातक ठरू शकते, हे २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासाने दाखविले. म्हणून ध्येय डॉक्टरांनीच ठरवावे. रक्तदाब व कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणे, तंबाखू वर्ज्य करणे आणि नियमित चालणे तितकेच महत्त्वाचे. एम्पाग्लिफ्लोझिनसारखी औषधे हृदयालाही संरक्षण देतात, हे २०१५ पासून सिद्ध झाले आहे.

उपवासासंबंधी एक सूचना आवश्यक आहे. इन्शुलिन वा काही गोळ्या चालू असताना आहार बंद केल्यास साखर धोकादायकरीत्या उतरते व हृदयावर ताण येतो. एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी निराहार, विशेषतः निर्जळ उपवास केल्यास शरीरातील पाणी घटून रक्तात आम्ल साचण्याचा संभव असतो. म्हणून पर्युषणातील तपस्येचा संकल्प करण्यापूर्वीच डॉक्टरांशी विचारविनिमय करावा. औषध परस्पर बंद करू नये. तपाला विवेकाची जोड असावी. ज्यांना उपवास झेपत नाही, त्यांच्यासाठी स्वाध्याय, मौन व रसत्याग हे मार्ग खुले आहेतच.