लॅपटॉप बिघडला नाही, ड्रायव्हर नाहीत

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत ग्रामसंघ लिपिका आणि सीआरपी ताईंपुढे केलेलं बोलणं)



आज मी लॅपटॉपवर बोलणार आहे. पण विषय शेवटी पैशाचाच आहे, म्हणून जरा कान देऊन ऐका.

आपल्याकडचे बरेच लॅपटॉप जुने आहेत. कुणाला देणगीत मिळाले, कुणी सेकंडहँड घेतले. विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबली, विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे 'नवीन विंडोज टाकून घ्या' असं सगळीकडून ऐकू येतं आणि आपण टाकून घेतो. लॅपटॉप परत येतो, सुरू होतो, पडदा छान दिसतो. मग लक्षात येतं, वायफाय सापडत नाही. आवाज येत नाही. अक्षरं मोठी, पसरट दिसतात आणि उजेड कमीजास्त होत नाही.

एका ग्रामसंघात हेच झालं. दुकानदार म्हणाला, बोर्ड गेला, आता नवाच घ्या. बायांनी इतिवृत्तात खरेदीचा ठराव लिहायला घेतला होता. तो लॅपटॉप आजही चालतो आहे. त्याचा एकही भाग बदलावा लागला नाही, फक्त तीन ड्रायव्हर टाकावे लागले.

हा ड्रायव्हर म्हणजे काय? असं समजा, घरात नवी सून आली. स्वयंपाकघर तेच, डबे तेच, चूल तीच. पण हळद कुठल्या डब्यात आणि मीठ कुठल्या, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. हळद संपलेली नाही, सापडत नाही एवढंच. लॅपटॉपमध्ये वायफायचा भाग, आवाजाचा भाग, कॅमेरा सगळं जागेवर असतं. नवं विंडोज म्हणजे नवी सून. कुठला भाग कसा चालवायचा हे सांगणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. तो नसला की भाग असूनही उपयोगाचा नाही.

आता हे बघायचं कुठे? स्टार्टच्या बटणावर माऊसचं उजवं बटण दाबा. यादी उघडेल, त्यात डिव्हाइस मॅनेजर असतं. ते उघडलं की लॅपटॉपच्या सगळ्या भागांची नावं दिसतात. जिथे पिवळा त्रिकोण आणि त्यात उद्गारचिन्ह दिसेल, तिथे अडचण आहे. बहुतेकदा हे सगळे 'अदर डिव्हायसेस' या नावाखाली एकत्र असतात. 'नेटवर्क कंट्रोलर' लिहिलं असेल तर बहुधा वायफाय, 'इथरनेट कंट्रोलर' म्हणजे वायरीचं नेट. डिस्प्लेच्या खाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसलं तर पडद्याचा खरा ड्रायव्हर नाही, म्हणूनच अक्षरं पसरट. आणि त्रिकोणाच्या नावावर दोनदा क्लिक करून 'कोड २८' वाचायला मिळालं, तर त्याचा अर्थ सरळ आहे, ड्रायव्हर टाकलेलाच नाही. दुकानात जाण्याआधी या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. 'बोर्ड गेला' असं कुणी म्हणालं तर हा फोटो पुढे करा आणि विचारा, दादा, मग इथे कोड २८ का दिसतोय?

आता खरा पेच. ड्रायव्हर इंटरनेटवरून आणायचा, आणि इंटरनेटचाच ड्रायव्हर नाही. इथे बहुतेक जणी हात टेकतात. याला तुमच्या मोबाईलची केबल पुरते. चार्जिंगच्या केबलने फोन लॅपटॉपला जोडा. केबल डेटा जाणारी हवी, काही स्वस्त केबली फक्त चार्जिंग करतात. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटजवळ 'यूएसबी टेदरिंग' असतं, ते चालू करा. बहुतेक अँड्रॉइड फोन विंडोज लगेच ओळखतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोनचा नेटपॅक लॅपटॉपला मिळायला लागतो.

नेट आलं की आधी सेटिंगमधलं विंडोज अपडेट चालवा. त्यातच 'ऑप्शनल अपडेट्स' नावाची जागा असते. तिथे ड्रायव्हर अपडेट दिसले तर खूण करून टाकून घ्या आणि लॅपटॉप बंद करून परत सुरू करा. कितीतरी वेळा एवढ्यावरच निम्मे त्रिकोण जातात.

उरलेले कंपनीच्या वेबसाईटवरून आणायचे. त्यासाठी लॅपटॉपचा नेमका मॉडेल नंबर हवा. तो खालच्या बाजूच्या स्टिकरवर असतो. डेलचा असेल तर सात अक्षर-अंकांचा सर्व्हिस टॅग बघा, तो टाकला की त्याच लॅपटॉपची यादी उघडते. स्टिकर घासून गेलं असेल तर स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधा, तिथे मॉडेल लिहिलेलं असतं. डाउनलोड करताना आपलं विंडोज ३२ बिटचं की ६४ बिटचं ते पाहा. ३२ चा ड्रायव्हर ६४ ला चालत नाही. पहिला चिपसेटचा ड्रायव्हर टाका, मग पडदा, आवाज, वायफाय.

जुन्या लॅपटॉपला कंपनीने विंडोज ११ चा ड्रायव्हर काढलेलाच नसतो. अशा वेळी विंडोज १० चा घ्या, तो बहुतेकदा चालतो. तसाच विंडोज १० वर ८.१ चा पुष्कळदा चालून जातो. आणि नाव 'अननोन डिव्हाइस' एवढंच दिसत असेल, तर प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, मग 'हार्डवेअर आयडी' असं बघा. तिथे व्हीईएन या अक्षरांनंतरची चार अक्षरं भाग कुणाचा ते सांगतात. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. कुठल्या कंपनीचा ड्रायव्हर शोधायचा ते तेवढ्यावरून कळतं.

एक गोष्ट मात्र करू नका. 'तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' असं सांगणारे प्रोग्राम टाकू नका. आधी फुकट म्हणतात, मग पैसे मागतात, आणि सोबत नको ते काहीबाही लॅपटॉपमध्ये शिरतं. ज्या लॅपटॉपवर समूहांचे कर्जाचे हिशेब आहेत, त्यात अनोळखी माणसाला घरात घेतल्यासारखं ते होतं. ज्या ताई बीसी सखी आहेत त्यांनी अंगठ्याच्या यंत्राचा ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस ते यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्याच साईटवरून घ्यावी, कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली फाईल नको. विंडोज बदललं की हे दोन्ही पुन्हा टाकावं लागू शकतं, तेव्हा अपग्रेड आठवड्याच्या गर्दीच्या दिवशी करू नका.

सगळं करूनही एखादा जुना वायफायचा भाग नव्या विंडोजवर चालतच नाही, असंही होतं. मग काहीशे रुपयांचा यूएसबी वायफाय अडॅप्टर मिळतो, तो लावायचा. माझ्या मते एका भागासाठी अख्खा लॅपटॉप बदलायला ग्रामसंघाचा पैसा घालू नये.

ज्यांचं अपग्रेड व्हायचंय त्यांच्यासाठी. हिशेबाच्या फाईली पेनड्राइव्हवर घ्या आणि त्या दुसऱ्या लॅपटॉपवर उघडतात का ते बघा. वायफायचा ड्रायव्हर आधीच उतरवून त्याच पेनड्राइव्हवर ठेवा. दुकानदाराला स्पष्ट विचारा, तुम्ही अपग्रेड करणार की फॉरमॅट? दोन्ही वेगळं आहे. फॉरमॅट केलं की जुनं सगळं पुसलं जातं. अपग्रेड केलं तर सेटिंगमधल्या 'रिकव्हरी'त १० दिवसांपर्यंत 'गो बॅक' करून जुन्या विंडोजवर परत जाता येतं, मात्र तोवर 'विंडोज ओल्ड' नावाचं फोल्डर पुसायचं नाही. आणि विंडोज ११ साठी कंपनीची अट टीपीएम २.० ची आहे, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आपले बरेच लॅपटॉप त्यात बसत नाहीत. दुकानदार जबरदस्तीने टाकून देऊ शकतो, पण मग ड्रायव्हरची शोधाशोध आपल्यालाच करावी लागते.

पुढच्या बैठकीला ज्यांच्या लॅपटॉपवर पिवळे त्रिकोण आहेत त्यांनी लॅपटॉप, चार्जर आणि डेटाची केबल घेऊन या. एक तास आधी बसू. मॉडेल नंबर कागदावर लिहून आणलात तर वेळ वाचेल.