हसण्यामागची खोली

आमच्या वाशीमला टीव्हीवर ‘अशी ही बनवाबनवी’ लागला की घरातल्या तीन पिढ्या एकत्र बसतात. चित्रपट १९८८ चा, संवाद सगळ्यांना पाठ. तरी हसू येतंच. कारण विनोदाच्या तळाशी खरी अडचण आहे : पुण्यात भाड्याची खोली मिळत नाही. म्हणून तर लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन बायकांचं सोंग घेतात. शिकायला बाहेरगावी गेलो तेव्हा माझं नाव ऐकताच ‘खोली कालच गेली’ हे उत्तर मीही ऐकलंय. त्यामुळे घरमालकिणीसमोर थापा मारताना अशोक सराफांच्या चेहऱ्यावर उमटणारी धास्ती मला ओळखीची वाटते. बेर्डे २००४ साली गेले. पण पदर सावरतानाचे त्यांचे भेदरलेले डोळे आजही हसवतात, आणि खोली शोधत फिरणाऱ्याला तेवढाच धीर देतात.